गेटवे कुठल्या गच्चीवर? तीनशे वॉटर मीटर, बॅटऱ्या आणि ह्युरिस्टिक पद्धती

जलमापक (धागाकर्ता)

मंडळी, पुण्यातल्या धायरी-नऱ्हे भागातल्या शेजारशेजारच्या सोसायट्यांनी मिळून फ्लॅटवार पाण्याचे मीटर बसवायला घेतलेत. उन्हाळ्यात टँकरचं बिल सगळ्यांत सारखं वाटायचं की वापरानुसार, यावर दर सर्वसाधारण सभेत जो तमाशा व्हायचा, त्यातून निघालेला हा तोडगा. मीटर अल्ट्रासॉनिक, बरेचसे डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीत. प्रत्येकाबरोबर बॅटरीवरचा एक लोरा नोड (कमी विजेत लांबवर छोटे निरोप पाठवणारा रेडिओ), दर पंधरा मिनिटांनी एक रीडिंग. नोड तीनशेच्या घरात. गेटवे, म्हणजे नोडचे निरोप ऐकून इंटरनेटवरच्या सर्व्हरला देणारी पेटी, ठेवायला मिळू शकतील अशा गच्च्या बावीस. कुठल्या गच्चीवरून कुठला नोड किती ऐकू येतो याची मोजणी एक गेटवे घेऊन फिरून करून ठेवली आहे, त्यामुळे अंदाजपंचे काही नाही.

प्रश्न दोन. पहिला, कुठल्या गच्च्या घ्यायच्या? प्रत्येक नोड किमान दोन गेटवेंना ऐकू आला पाहिजे, म्हणजे एकाची वीज गेली तरी रीडिंग बुडणार नाही. प्रत्येक गच्चीचा खर्च वेगळा आहे. कुठे लिफ्टरूममधून वीज सहज मिळते, कुठे केबल ओढावी लागते, एका ठिकाणी सेक्रेटरी किल्लीच देत नाहीत.

दुसरा, प्रत्येक नोडला कुठला स्प्रेडिंग फॅक्टर (एसएफ) द्यायचा? ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी: लोरामध्ये हा आकडा ७ ते १२ असतो. एक पायरी वर गेलं की निरोप लांबवर, जाड भिंतींतूनही पोचतो, पण हवेत साधारण दुप्पट वेळ घेतो. आमचा १२ बाईटांचा निरोप आणि वर लोरावॅनचं (लोरा नोडच्या जाळ्याचे नियम) १३ बाईटांचं वेष्टण धरलं, तर एसएफ ७ ला ६२ मिलिसेकंद लागतात आणि एसएफ १२ ला १.४८ सेकंद. चोवीस पट! रेडिओला बोलताना ४० मिलिअँपिअर लागतात असं धरा. पंधरा मिनिटांच्या हिशोबाने वर्षाला एसएफ ७ वाला नोड नुसतं बोलण्यावर २४ मिलिअँपिअर-तास खातो, एसएफ १२ वाला ५७७.

मीटर पुरवणारे म्हणतात "सिस्टीम आपोआप सेट करते." एक मित्र जेनेटिक अल्गोरिदम म्हणतो, दुसरा पार्टिकल स्वार्म, यूट्यूबवर ग्रे वुल्फ (लांडग्यांच्या कळपावरून नाव) चालू आहे. सगळ्या ह्युरिस्टिक, म्हणजे हमी नसली तरी बऱ्यापैकी उत्तर शोधणाऱ्या पद्धती. यातलं खरंच काय लागतं?

सिंहगडरोडकर

वाचतोय. किल्ली न देणारे सेक्रेटरी कोण ते ओळखलं. :-)

मीरा_मुळशी

पहिल्या प्रश्नाला यातलं काहीच लागत नाही. बावीस गच्च्या म्हणजे २ चा २२ वा घात, ४१,९४,३०४ पर्याय. प्रत्येक नोडसाठी २२ बिटांचा एक आकडा ठेवा, ज्या गच्चीला तो ऐकू येतो तिथे १. गच्च्यांच्या निवडीचाही तसाच आकडा. दोघांचा बिटवाइज अँड (दोन्हींत १ असेल तिथेच १) घेऊन त्यात दोन तरी १ उरतात का ते बघायचं. साध्या पायथॉनमध्येसुद्धा चहा होईपर्यंत सगळे पर्याय तपासून होतील, आणि मिळेल ते उत्तर सर्वोत्तमच असेल, "बऱ्यापैकी" नाही.

कमीत कमी खर्चात सगळ्यांना झाकायचं, या प्रश्नाला सेट कव्हर म्हणतात. तो १९७२ सालच्या कार्पच्या प्रसिद्ध एकवीस कठीण प्रश्नांपैकी एक, म्हणून लोक नाव ऐकूनच घाबरतात. कठीण आहे तो संख्या वाढल्यावर. उद्या दोनशे गच्च्या झाल्या तर इंटिजर प्रोग्रॅम (पूर्णांकांत मांडलेला गणिती प्रश्न) मांडा आणि हाय्स (HiGHS) किंवा ओआर-टूल्ससारख्या फुकट सॉल्व्हरला द्या. या आकाराचा कव्हरिंगचा प्रश्न ते बहुतेक वेळा सहज सोडवतात. तेही अडलं तर ग्रीडी: दर फेरीला, अजून न झाकलेले नोड सगळ्यात कमी खर्चात झाकणारी गच्ची उचलायची. ती किती वाईट जाऊ शकते याला सिद्ध झालेली मर्यादा आहे. लांडग्यांच्या कळपाला तशी हमी कोणी देत नाही.

किल्ली न मिळणाऱ्या गच्चीला खर्च म्हणून अवाढव्य आकडा टाका. मग ती निवडली गेली तर समजा की त्या सेक्रेटरींना पेढे घेऊन भेटायला जाण्यावाचून इलाज नाही.

शेवटचं_सेमिस्टर

नमस्कार, मी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टचा विषय जवळपास हाच आहे. दुसऱ्या प्रश्नात ६ चा ३०० वा घात पर्याय होतात, म्हणजे २३४ आकडी संख्या. तिथे तर ह्युरिस्टिक लागणारच ना? आमचे गाईड म्हणतात नावीन्य हवं, म्हणून आम्ही ग्रे वुल्फ आणि व्हेल ऑप्टिमायझेशन एकत्र करून हायब्रिड करतोय. कुणी केलंय का?

जुना_इंजिनिअर

बाळा, नावीन्याचं नंतर बघू. आधी जुनं काय आहे ते बघ.

१९५३ साली लॉस अलामॉसमध्ये मेट्रोपोलिस आणि मंडळींनी रेणूंच्या रचनांचं गणित संगणकावर करण्याची एक युक्ती काढली. रचनेत जरासा बदल करायचा. ऊर्जा कमी झाली तर बदल ठेवायचा. वाढली तरी लगेच टाकून द्यायचा नाही, तापमानावर ठरणाऱ्या एका संभाव्यतेने ठेवायचा. १९८३ साली आयबीएममधल्या कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेक्की यांनी हीच युक्ती चिप डिझाइनला लावली, सर्किट कुठे ठेवायचं आणि तारा कशा न्यायच्या यासाठी. तेच सिम्युलेटेड अॅनिलिंग. सुरुवातीला तापमान चढं, त्यामुळे वाईट बदलही खपतात आणि गाडी जवळच्या खड्ड्यात अडकत नाही. मग हळूहळू थंड करत आणायचं. आमच्या लहानपणी तांबट आळीत भांडं ठोकता ठोकता कडक झालं की तापवायचे, थंड करायचे, की परत मऊ. तेच तत्त्व.

तुझ्या प्रश्नाला हे जसंच्या तसं बसतं. एक नोड उचल, त्याचा एसएफ बदल, खर्च किती बदलला ते काढ. पूर्ण खर्च पुन्हा मोजायचा नाही हं. एकाच एसएफवरच्या नोडचे निरोप एकमेकांवर आदळतात, म्हणून त्यांचा एक गट धर. तो नोड ज्या गटातून निघाला आणि ज्या गटात शिरला त्या दोनच गटांचा हिशोब बदलतो. एवढं केलंस तर साध्या लॅपटॉपवर लाखो बदल तपासून होतात. कामात मी हे लोडशेडिंगच्या काळात फीडरच्या वेळापत्रकाला वापरलंय, तेव्हा संगणक तुझ्या घड्याळापेक्षा मंद होते.

पेठेतला_पाहुणा

काका, तांबट आळीबद्दल आदर आहेच, पण एक दुरुस्ती. तांबं तापवून थेट पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं, सावकाश थंड करायची गरज नसते. सावकाश थंड करावं लागतं ते पोलाद, नाहीतर ते उलट कडक होतं. आणि अल्गोरिदममध्ये सावकाशपणालाच तर सगळं महत्त्व आहे. त्यामुळे उदाहरण लोहाराचं हवं.

जुना_इंजिनिअर

मान्य. कसबा पेठेतून कोणीतरी येणारच हे माहीत होतं.

मीरा_मुळशी

@शेवटचं_सेमिस्टर, तुझ्या लांडग्या-देवमाशाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण दर वर्षी अशी मुलं भेटतात आणि वाईट वाटतं.

हॉलंडचं जेनेटिक अल्गोरिदमवरचं पुस्तक १९७५ चं, डोरिगोच्या मुंग्या १९९२ च्या, केनेडी आणि एबरहार्ट यांचा पार्टिकल स्वार्म १९९५ चा. या प्रत्येकात शोधण्याची एक वेगळी रीत होती. त्यानंतर प्राण्यांची रांगच लागली. ग्रे वुल्फ २०१४, व्हेल २०१६, आणि त्यांच्याआधी वटवाघूळ, काजवे, कोकिळा. २०१५ मध्ये सोरेनसेन यांनी या रूपकांच्या बाजारावर सडकून टीका करणारा लेख लिहिला. त्याआधी २०१० मध्ये वेलँड यांनी दाखवलं होतं की हार्मनी सर्च हा जुन्याच इव्होल्यूशन स्ट्रॅटेजीचा एक विशेष प्रकार आहे, नाव तेवढं संगीतातलं. १९९७ चं वोल्पर्ट-मॅकरेडी यांचं नो फ्री लंच प्रमेयही वाच. सगळ्या शक्य प्रश्नांवर सरासरी काढली तर कुठलीही पद्धत दुसरीपेक्षा सरस नसते. जिंकायचं असेल तर स्वतःच्या प्रश्नाची ठेवण वापरावी लागते, आणि देवमाशाला तुमच्या डक्टची ठेवण माहीत नाही.

आता तुझ्या कामातली अडचण. ग्रे वुल्फ आणि व्हेल दोन्ही मुळात सलग चलांसाठी आहेत. एसएफ ७ ते १२ हे सुटे आकडे. लोक काय करतात, ८.६ आलं की ९ करतात. पण ८.५१ आणि ९.४९ दोन्ही नऊच होतात, म्हणजे लांडगे हलले तरी उत्तर जागचं हलत नाही.

तुलनेतली गोम वेगळीच. ज्या चाचणी-फंक्शनांवर या पद्धती "जिंकतात" त्यांतल्या बऱ्याच फंक्शनांचं सर्वोत्तम उत्तर बरोबर शून्यावर असतं, आणि काही पद्धती स्वभावतःच शून्याकडे ओढल्या जातात. ग्रे वुल्फमध्ये हा दोष दाखवला गेला आहे. फंक्शन जरा बाजूला सरकव आणि परत चालव, मग गंमत बघ.

गाईडना हायब्रिड हवंच असेल तर कर. पण त्याच तक्त्यात नुसता रँडम शोध, ग्रीडी आणि काकांचं अॅनिलिंग असे तीन रकाने ठेव. खर्च-फंक्शन (उत्तर किती महाग ते सांगणारं सूत्र) तपासण्याची संख्या सगळ्यांना सारखी दे. प्रत्येक पद्धत वेगवेगळ्या सीडने (रँडम आकड्यांची सुरुवात) तीसेक वेळा चालव आणि मध्यक दे, सगळ्यात चांगली एकच फेरी नको. त्यात हायब्रिड हरलं तरी प्रोजेक्ट उत्तम होईल.

शेवटचं_सेमिस्टर

ताई, हे सगळं गाईडना कसं सांगू :-( पण तक्ता करतो.

सिंहगडरोडकर

मी पंपांच्या कंट्रोलरचं काम करतो, माझे दोन पैसे.

दर पंधरा मिनिटांनी निरोप कशाला? रीडिंग पंधरा मिनिटांनी घ्या, पाठवा तासाला, चारही एकत्र. पहिलं पूर्ण आणि पुढचे तीन फक्त फरक, म्हणजे १२ च्या जागी २४ बाईट पुरतील. एसएफ १२ वर तो निरोप १.९७ सेकंदांचा होतो, आणि चार सुटे निरोप ५.९ सेकंदांचे. हवेतला वेळ एका फटक्यात तिसऱ्या हिश्श्यावर. एसएफ १२ ला आपल्या बँडमध्ये ५१ बाईटांची मर्यादा आहे, त्यातही बसतं. रात्री नळ चालू राहिला किंवा पाइप फुटला तर मात्र तासाची वाट बघायची नाही, तो निरोप वेगळा आणि लगेच.

कुठल्याही अल्गोरिदमने एवढी बचत होणार नाही.

आणि टकरीचा हिशोब केलाय का? लोरावॅनमध्ये नोड हवा मोकळी आहे का ते न बघताच बोलतात, अलोहा नावाच्या जुन्या रेडिओ-जाळ्यासारखं. समजा तीनशेही नोड एसएफ १२ वर आहेत, पंधरा मिनिटांनी बोलतात, आणि भारतातल्या ८६५ मेगाहर्ट्झ बँडचे तीन मूळ चॅनेलच वापरात आहेत. मग प्रत्येक चॅनेलवर भार १६ टक्क्यांच्या वर जातो आणि अलोहाच्या सूत्राने साधारण ७२ टक्केच निरोप टकरीशिवाय पोचतात. सगळे एसएफ ७ वर असते तर ९८ टक्क्यांच्या वर. जवळचा, जोरात ऐकू येणारा नोड टकरीतही तगतो, म्हणून प्रत्यक्षात चित्र इतकं वाईट नसतं, पण डक्टमधला बिचारा नेमका हळू बोलणारा. गेटवे आठ चॅनेल ऐकत असेल तर नेटवर्क सर्व्हरमधून जादाचे चॅनेल आधी चालू करून घ्या.

आणखी एक. मेन्सवर चालणारे नोड असतील, टाकीची पातळी, पंप स्टार्टर वगैरे, तर लाइट आल्यावर सगळे एकाच क्षणी जागे होतात आणि एकदमच बोलतात. पुढेही त्याच तालावर. सुरू होताना प्रत्येकाने काहीतरी रँडम वेळ थांबायचं, एवढी एक ओळ फर्मवेअरमध्ये टाकून घ्या.

जलमापक

@सिंहगडरोडकर, तासाची कल्पना उचलली. टाकीचे नोड मेन्सवरच आहेत, रँडम थांब्याचंही बघतो.

"सिस्टीम आपोआप करते" म्हणजे काय तेही शोधलं. ती एडीआर (अॅडॅप्टिव्ह डेटा रेट) पद्धत. सर्व्हर त्या नोडचे शेवटचे वीस निरोप बघतो, त्यातलं सगळ्यात चांगलं सिग्नल-नॉइज गुणोत्तर घेतो, त्यातून गरजेची पातळी आणि थोडं राखीव मार्जिन वजा करतो, आणि उरलेल्या दर तीन डेसिबलला एक पायरी खाली आणतो. म्हणजे हीसुद्धा एक ह्युरिस्टिकच, फक्त एका वेळी एकाच नोडचा विचार करणारी. शेजारचे पन्नास जण त्याच एसएफवर गर्दी करतायत याचा तिला पत्ता नसतो. ऐसपैस पसरलेल्या शेतातल्या नोडना ती पुरते. आमच्याकडे गेटवेजवळच्या दोन इमारती जवळपास पूर्ण एसएफ ७ वर येतात आणि तळमजल्याचे डक्ट १२ वर.

पण माझी गाडी आता वेगळ्याच ठिकाणी अडली आहे. कमी करायचं काय? मी आधी सगळ्या नोडची मिळून ऊर्जा धरली होती. ते खजिनदारांना दाखवलं तर ते म्हणाले, सरासरीचं मला काय सांगता, बॅटरी बदलायला माणूस कितीदा बोलवायचा ते सांगा. त्यांचं बरोबर आहे. एकूण ऊर्जा कमी करताना अल्गोरिदम खुशाल तळमजल्याचे दहा-बारा नोड बळी देतो. दोनशे नव्वद बॅटऱ्या दहा वर्षं चालतील आणि त्या दहा-बारांसाठी दर दोन वर्षांनी डक्ट उघडावे लागतील. बॅटरी शंभर-दोनशेची, माणसाची फेरी आणि फ्लॅटमालकाची वेळ त्याहून महाग.

मीरा_मुळशी

धाग्यातला खरा प्रश्न आता आला. अल्गोरिदम बदलून उत्तर दोन-चार टक्के हलेल. काय कमी करायचं ते बदललंत तर उत्तरच दुसरं येईल.

तुम्हाला सगळ्यात आधी मरणाऱ्या बॅटरीचं आयुष्य वाढवायचं आहे. पण नुसतं "सगळ्यात वाईट नोड" हेच खर्च-फंक्शन अॅनिलिंगला दिलं तर ते आंधळं होतं. तीनशेपैकी एकच नोड खर्च ठरवतो, बाकीच्यांना हलवून काहीच बदलत नाही, सगळीकडे सपाट पठार. त्यावर युक्ती अशी की प्रत्येक नोडच्या वार्षिक खर्चाचा चौथा किंवा सहावा घात करून बेरीज घ्या. मोठे आकडे बेरजेवर राज्य करतात, तरी बाकीच्या बदलांचीही दखल राहते. टकरींसाठी वेगळा दंड लावा, आणि "किमान इतके टक्के पोचले पाहिजेत" ही अट हवी तितकी कडक करा.

शिवाय खजिनदारांच्या म्हणण्याचा एक आणखी अर्थ निघतो. सगळ्या बॅटऱ्या साधारण एकाच सुमारास संपल्या तर एकाच फेरीत काम होतं. तेव्हा एकटीदुकटी बॅटरी बाराव्या वर्षापर्यंत ताणण्यात काही हशील नाही. तिची वाचलेली ऊर्जा गर्दी फोडायला वापरा. गेटवेजवळचे काही नोड मुद्दाम ७ वरून ८ किंवा ९ वर चढवा. वेगळ्या एसएफचे निरोप एकमेकांना बरेच कमी त्रास देतात, म्हणून एसएफ ७ मोकळा होतो. एडीआर हे कधीच करणार नाही.

आणि हे करण्याआधी पहिल्या प्रश्नाकडे परत जा. तळमजल्याच्या त्या दहा-बारा नोडसाठी एखादा जादा गेटवे परवडतो का? दोन्ही प्रश्न वेगळे सोडवलेत तर हा पर्याय कधी समोरच येणार नाही.

जुना_इंजिनिअर

हे उत्तम. यावरून पाण्याच्याच जाळ्यातलं एक उदाहरण देतो. २००६ मध्ये जलवितरण-जाळ्यात दूषित पाणी लवकर पकडायला सेन्सर कुठे बसवावेत यावर एक स्पर्धाच झाली होती, बॅटल ऑफ द वॉटर सेन्सर नेटवर्क्स. एक जाळं सव्वाशेच्या आसपास सांध्यांचं, दुसरं साडेबारा हजारांचं. जेनेटिक अल्गोरिदम घेऊन बरेच उतरले होते. उत्तम उत्तरांमध्ये कार्नेगी मेलनच्या गटाची ग्रीडी पद्धतही होती. कारण असं की सेन्सर वाढवत गेलं तसा प्रत्येक नव्या सेन्सरचा फायदा घटत जातो, आणि अशा प्रश्नांत ग्रीडी सर्वोत्तमाच्या किमान ६३ टक्के तरी गाठतेच, हे १९७८ सालीच सिद्ध झालेलं आहे.

तिथेही वाद हाच होता. कमी काय करायचं? दूषित पाणी कळेपर्यंतचा वेळ, की तोवर ते प्यायलेली माणसं, की न कळलेल्या घटना? प्रत्येक मापाला सेन्सरच्या जागा वेगळ्या येतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले आणि आपण सगळे पाणी उकळून प्यायला लागलो, तेव्हा मला ही स्पर्धा फार आठवली.

पेठेतला_पाहुणा

एक शंका. मोजणी कधी केलीत? मे महिन्यात असेल तर पावसाळ्यात सगळं बदलेल.

सिंहगडरोडकर

८६५ मेगाहर्ट्झला पावसाच्या थेंबांनी जवळजवळ काही होत नाही. त्रास होतो तो ओल्या भिंतींचा, भरगच्च झाडांचा, आणि सगळ्यात जास्त अँटेनाच्या कनेक्टरमध्ये शिरणाऱ्या पाण्याचा. तो सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या) टेपने बंद करा, साधी इन्सुलेशन टेप एका पावसाळ्यात सुटते. पाहुण्यांची शंका मात्र रास्त आहे. जुलैत परत एकदा मोजा आणि प्रत्येक जोडीसाठी दोन्हींतला वाईट आकडा धरा. पार्किंग भरलेलं आणि रिकामं यानेही तळमजल्यावर फरक पडतो, तेव्हा रात्रीची मोजणीही हवी.

शेवटचं_सेमिस्टर

अॅनिलिंग लिहून बघितलं. सुरुवातीचं तापमान किती ठेवायचं? १००० ठेवलं तर बराच वेळ नुसता गोंधळ चालतो, १ ठेवलं तर लगेच अडकतं.

मीरा_मुळशी

तापमानाला स्वतःचा असा आकडा नसतो, तो तुझ्या खर्चाच्या एककावर अवलंबून. आधी काही शे रँडम बदल करून बघ आणि खर्च वाढवणाऱ्या बदलांत सरासरी वाढ किती ते काढ. मग असं तापमान निवड की सुरुवातीला त्यातले ऐंशी टक्के बदल स्वीकारले जातील. म्हणजे तापमान = सरासरी वाढ भागिले ०.२२. त्यानंतर दर टप्प्याला ०.९५ ते ०.९९ ने गुणत जा, आणि एका टप्प्यात प्रत्येक नोडला काही वेळा तरी संधी मिळेल इतके बदल कर. आतापर्यंतचं सर्वोत्तम उत्तर वेगळं जपून ठेव, शेवटचं उत्तर तेच असेल असं नाही.

शेवटचं_सेमिस्टर

चाललं! @जलमापक दादा, तुमच्या मोजणीचा डेटा प्रोजेक्टसाठी मिळेल का? आमच्याकडे सगळं सिम्युलेशनचंच आहे.

जलमापक

सिग्नलची मोजणी देतो, फ्लॅट नंबर आणि इमारतींची नावं काढून. गच्च्यांना फक्त क्रमांक असतील. पाण्याची रीडिंग मात्र मागू नकोस. पंधरा मिनिटांच्या रीडिंगवरून कोण किती वाजता उठतं आणि कुठला फ्लॅट आठवडाभर बंद आहे हे सहज कळतं, आणि सोसायटीच्या ठरावात ती फक्त बिलासाठी वापरायची असं लिहून घेतलंय. रविवारी फाइल इथेच चिकटवतो.